भयाच्या बातम्या आणि कर्तव्याचे भान

(हवामानबदलाच्या बातम्यांचा समाजमनावर होणारा परिणाम या विषयावर रांजणगाव गणपती येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आपण ज्या भूमीत बसलो आहोत, तिची कथा येथील लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्रिपुरासुराशी युद्ध करण्यापूर्वी प्रत्यक्ष महादेवांनी या स्थानी गणेशाचे आराधन केले, अशी आपली परंपरा सांगते. संकट दाराशी आलेले असताना आधी बुद्धीच्या देवतेला आळवावे आणि मग शस्त्र हाती घ्यावे, असा त्या कथेचा साधा अर्थ आहे. आज ज्या संकटाविषयी मला बोलायचे आहे, त्याच्या बाबतीत आपल्या समाजाचा हा क्रम उलटा होऊ लागला आहे. आधी भय येते, मग गोंधळ होतो, आणि कृती झालीच तर ती सर्वांत शेवटी होते. त्या संकटाचे नाव हवामानबदल. परंतु आजचा विषय हवामान हा नसून हवामानाची बातमी हा आहे. ती बातमी आपल्या घरात, शेतात आणि मुलांच्या मनात काय पेरते, याचा विचार आपण करणार आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. हवामान बदलत आहे, यात शंका घेण्यास जागा नाही, आणि हे समजून घेण्यासाठी आपल्याला परदेशात जाण्याचीही गरज नाही. आपल्याच पुण्यात, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली भारताच्या हवामानाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे तो अहवाल सांगतो. याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील संशोधनाने दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना जवळपास तिपटीने वाढल्या. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईसाठी ही गेल्या पाऊणशे वर्षांतील सर्वांत लवकरची तारीख होती. त्याच आठवड्यात दौंड, बारामती, इंदापूर या एरवी कोरड्या तालुक्यांच्या शेतांत पाणी उभे राहिले. हे सारे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

प्रश्न पुढचा आहे. हे सत्य आपल्यापर्यंत ज्या रूपात पोहोचते, त्या रूपाने आपले मन कणखर होते की खचते?

बातमी मनात काय पेरते?

वृत्तवाहिनीवरील हवामानाची बातमी आठवून पाहा. पार्श्वभूमीला युद्धपटासारखे संगीत, पडद्यावर लाल अक्षरे, ‘महासंकट’, ‘प्रलय’, ‘हाहाकार’ हे शब्द, आणि वाहून जाणाऱ्या एकाच गाडीचे दृश्य पुनःपुन्हा. मनुष्यस्वभाव असा आहे की, त्याचे लक्ष धोक्याकडे आधी जाते. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांचे प्राण याच स्वभावाने वाचवले. आज त्या स्वभावावर प्रेक्षकसंख्येचे आणि जाहिरातींचे गणित उभे राहिले आहे. धोका दाखवला की प्रेक्षक थांबतो. दिलासा दाखवला की तो वाहिनी बदलतो. मग धोका अधिक दाखवला जातो.

याचा परिणाम कसा होतो, याचे एक दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर दोन दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर वस्तीत अफवा पसरली की, त्सुनामी येत आहे, धरण फुटले आहे. लोक अंधारात धावत सुटले आणि चेंगराचेंगरीत डझनाहून अधिक जीव गेले. त्यांत लहान मुलेही होती. सात महिन्यांपूर्वीच, डिसेंबर २००४ मध्ये, त्सुनामीची दृश्ये घरोघरी दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखवली गेली होती. मनात आधीच साचलेल्या त्या भयाला एक ठिणगी पुरेशी ठरली. तेव्हा अफवा तोंडातोंडी पसरली होती. आज ती भ्रमणध्वनीवर क्षणात हजार घरांत पोहोचते.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात महापूर आला. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मराठवाड्यातून आलेले अनेक तरुण काम करतात. रात्रपाळीत यंत्रापाशी उभ्या असलेल्या अशा तरुणाच्या मनाची कल्पना करा. घरी दूरध्वनी लागत नाही, आणि हातातल्या पडद्यावर वाहून गेलेली जनावरे व बुडालेली गावे दिसत राहतात. त्यातील कोणते दृश्य आजचे, कोणते पाच वर्षांपूर्वीचे, कोणते दुसऱ्याच राज्यातले, हे त्याला कसे कळावे? त्याला हवी असते एकच माहिती: माझ्या गावाला जाणारा रस्ता चालू आहे का, आणि मदत कोठे पोहोचवायची? नेमकी तीच त्या गदारोळात मिळत नाही.

तरुण पिढीच्या मनाचीही पाहणी झाली आहे. २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयोगटातील १०,००० तरुण-तरुणींना हवामानबदलाविषयी त्यांच्या भावना विचारण्यात आल्या. ५९ टक्के तरुणांनी आपण अतिशय चिंतित असल्याचे सांगितले. ७५ टक्क्यांना भविष्य भीतिदायक वाटत होते. या भावनांचा आपल्या दैनंदिन जीवनावर विपरीत परिणाम होतो, असे ४५ टक्क्यांहून अधिक तरुण म्हणाले. यातील सगळा दोष माध्यमांचा आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संकट खरे असल्यामुळे चिंताही काही अंशी खरी आहे. परंतु विशीतल्या मुलाने ‘आता काही उरलेच नाही’ असे मानून बसावे, ही कोणत्याही राष्ट्राला न परवडणारी हानी आहे.

२०३५ ची कथा

अतिशयोक्तीने सत्याचीच कशी हानी होते, हे हिमालयाच्या उदाहरणावरून समजते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाने २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता खूपच मोठी असल्याचे म्हटले. त्याच वर्षी या मंडळाला शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. साहजिकच जगभर मथळे झळकले. गंगा आटणार, उत्तर भारत तहानेने मरणार, अशी चित्रे रंगवली गेली. गंगामाईला जननी मानणाऱ्या या देशात त्या बातमीने किती मने व्याकुळ झाली असतील!

नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक विजयकुमार रैना यांनी हिमनद्यांच्या प्रत्यक्ष नोंदी मांडून या दाव्याला छेद देणारा निबंध प्रसिद्ध केला. प्रारंभी त्याची हेटाळणीच झाली. मात्र जानेवारी २०१० मध्ये त्या आंतरराष्ट्रीय मंडळाला आपले विधान पुरेशा आधाराविना केले गेल्याचे मान्य करावे लागले. आपल्या शास्त्रज्ञाने जागतिक संस्थेला नम्रपणे, पण ठामपणे आरसा दाखवला, याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा.

परंतु कथा येथे संपत नाही. काल जे घाबरले होते, त्यांतील कित्येक आज म्हणू लागले की, हे सगळेच थोतांड आहे. हेही तितकेच चुकीचे होते. हिमनद्या खरोखरच मागे हटत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले आणि तीस्ता नदीच्या खोऱ्यात हाहाकार उडाला. अतिरंजित भय जेव्हा खोटे ठरते, तेव्हा माणूस केवळ त्या बातमीवरचा विश्वास गमावत नाही, तो सावधगिरीही गमावतो. भय आणि बेफिकिरी ही एकाच वेलीची फळे आहेत.

लांडगा आला रे आला

याचा आपल्या तालुक्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी रोजचा आहे. हवामान खात्याच्या इशाऱ्यांचे चार रंग आहेत. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, आणि लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या पुढचा पाऊस ‘मुसळधार’, आणि २०४ मिलिमीटरच्या वरचा ‘अतितीव्र’ गणला जातो. इशारा बहुधा विभागवार असतो. पुणे जिल्ह्याचा घाटमाथा वेगळा आणि पूर्वेकडचा पठारी भाग वेगळा. घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर शिरूर-दौंडचा सारा वार्षिक पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आता वाहिनीवर केवळ ‘पुण्याला रेड अलर्ट’ एवढेच झळकते. शिरूरची माऊली मुलाला शाळेत पाठवत नाही. दुसऱ्या दिवशी येथे कडक ऊन पडते. असे तीनदा झाले की चौथ्या वेळी खरा इशारा येतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

शेतकऱ्याचे तर याहून अवघड आहे. ‘अवकाळीचे महासंकट’ असा मथळा वाचून चाळीतला कांदा घाईने, पडत्या भावात विकला जातो. ‘एल निनो’ हा शब्द कानी पडताच पेरणीचा धीर सुटतो. वास्तविक १९९७ साली गेल्या शतकातील अतिप्रबळ एल निनो होता, तरी त्या वर्षी देशात सरासरीइतका पाऊस झाला. उलट, २०२३ सालच्या एल निनोच्या वर्षी ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. म्हणजे एका शब्दावरून ना निर्धास्त व्हावे, ना हातपाय गाळावेत. हवामान खाते आणि कृषी विद्यापीठे दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला देतात. पाषाणच्या संस्थेने विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲप विकसित केले आहे. ही साधने शांतपणे बोलतात, आणि म्हणूनच त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि जेथे खरोखर इशाऱ्याची गरज असते, तेथे कॅमेरा नसतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. १५१ जण मृत्युमुखी पडले. ही वार्ता जगाला प्रथम कळवली ती तेथून जाणाऱ्या एसटी बसच्या चालकाने. नेहमीचे गाव जागेवर नाही, हे त्याच्या ध्यानात आले. त्यानंतर सर्व वाहिन्यांच्या गाड्या तेथे पोहोचल्या. महाराष्ट्र हळहळला, रडला. परंतु सह्याद्रीतील इतर धोक्याच्या वाड्यांचे काय, हा प्रश्न दृश्ये सरली तसा विरला. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेच अश्रू पुन्हा वाहिले. अश्रू खरे असतात. पण त्यांना काम दिले नाही, तर ते वाळून जातात.

अपराधगंड कोणाचा?

भयासोबत आणखी एक भावना हलकेच आपल्या मनात सोडली जाते. ती म्हणजे अपराधीपणा. ‘पृथ्वी तापली, तुम्ही सारे दोषी आहात’ असा सरसकट सूर पाश्चात्त्य माध्यमांतून येतो आणि आपली माध्यमे तो जसाच्या तसा उचलतात. वास्तव काय आहे? एका भारतीयाचे दरडोई कर्बवायू उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. औद्योगिक क्रांतीपासून वातावरणात साचलेल्या कर्बात मोठा वाटा युरोप-अमेरिकेचा आहे. चुलीवर भाकरी भाजणाऱ्या माऊलीला आणि तीन मोटारी बाळगणाऱ्या धनिकाला एकाच पिंजऱ्यात उभे करणे, हा न्याय नव्हे.

तथापि, यावरून आपण हात झटकावेत, असा निष्कर्ष निघत नाही. भारताने २०२१ साली ग्लासगो परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. हे उद्दिष्ट आपण २०३० साठी ठरवले होते, ते पाच वर्षे आधी गाठले. या बातमीसाठी कोणत्या वाहिनीने युद्धसंगीत वाजवले? आपल्या मुलाला प्रलयाची दहा दृश्ये ठाऊक असतात आणि ही एक गोष्ट ठाऊक नसते. अपराधगंडातून आत्मनिंदा जन्माला येते. कर्तव्य मात्र आत्मविश्वासातूनच जन्माला येते.

आणि आपला स्वतःचा वारसा काय सांगतो? अथर्ववेदातील भूमिसूक्ताने भूमीला माता मानले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली एकात्म मानवदर्शन मांडताना व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांना परस्परांपासून तोडून पाहिले नाही. मातेला ताप आला म्हणजे मुलगा तिच्या उशाशी बसून आरडाओरडा करत नाही, आणि ताप आलाच नाही असेही म्हणत नाही. तो वैद्याला बोलावतो, कपाळावर पट्ट्या ठेवतो, रात्रभर जागतो.

इशाऱ्यासोबत काम

भय आणि कृती यांत नेमका फरक कशाने पडतो, हे ओडिशाने देशाला दाखवून दिले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, आणि इशाऱ्यासोबत कोणत्या निवाऱ्यात जायचे, केव्हा निघायचे, सोबत काय घ्यायचे, हेही सांगितले जाऊ लागले. मे २०१९ मध्ये ‘फनी’ चक्रीवादळ आले, तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ तितकेच भयंकर होते. लोकही घाबरले असतीलच. परंतु त्या भयाला पायवाट मिळाली होती.

इतके दूर जाण्याचीही गरज नाही. येथून नगर रस्त्याने शिरूर ओलांडले की पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे, आणि त्यापुढे नगर तालुक्यात हिवरे बाजार. पाऊस तेथेही आपल्याइतकाच बेभरवशाचा. हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थ दरवर्षी पावसाचे पाणी मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यानुसार पिके ठरवतात. शेतीसाठी विंधनविहिरींवर गावानेच बंदी घातली आहे. हवामानबदलाचा शब्दही न उच्चारता त्या गावाने त्याच्याशी झुंज सुरू केली. असे गाव वर्षातून एकदा बातमीत येते. पूर आठवडाभर रोज येतो. म्हणून तर आपल्या मनाचा ताळेबंद नेहमी तोट्यात असतो.

आपल्या कार्यपरंपरेतही हाच संस्कार आहे. १९७२ च्या दुष्काळात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ जनकल्याण समितीचा जन्म झाला. त्या वर्षी जे हळहळून थांबले नाहीत, त्यांनी ते उभे केले. आज संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि कुटुंब प्रबोधन हे दोन्ही विषय आहेत. माझ्या मते आजच्या विषयात ते दोन्ही एकत्र येतात.

घरापासून आरंभ

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, आपत्तीची दृश्ये घरात अखंड चालू ठेवू नयेत, विशेषतः लहान मुलांसमोर. दिवसातून एकदा बातमी घ्यावी आणि पडदा बंद करावा. दुसरी, संदेश पुढे पाठवण्यापूर्वी स्थळ, दिनांक आणि मूळ स्रोत हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर नसेल, तर तो संदेश आपल्या हातातच संपावा. तिसरी, इशाऱ्याचे रंग घरातील प्रत्येकाला, आजीपासून नातवापर्यंत, समजावून सांगावेत. ‘लाल’ म्हटल्यावर आपल्या घरात कोण काय करील, हे आधीच ठरलेले असावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलाने ‘आई, पृथ्वी बुडणार का?’ असे विचारले, तर त्याला हसून गप्प करू नये, आणि आपणही हताश सुस्कारा टाकू नये. त्याचा हात धरून त्याला घोड नदीच्या काठावर न्यावे. ही नदी कोठून येते, भीमेला कोठे मिळते, पूर्वी तिला किती पाणी असे, हे सांगावे. शाळेत एक पर्जन्यमापक बसवावा आणि त्याची नोंद मुलांनाच ठेवू द्यावी. ज्या मुलाने स्वतः पाऊस मोजला, त्याला ‘महासंकट’ हा शब्द सहजासहजी घाबरवू शकत नाही. तो विचारील, किती मिलिमीटर? कोणत्या भागात?

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’ असे आहे. आपल्या पूर्वजांनी विषादालाही योग म्हटले, ही केवढी मोठी दृष्टी! रणांगणावर गांडीव खाली ठेवणाऱ्या अर्जुनाला भगवंतांनी भ्याड म्हणून टाकून दिले नाही, आणि संकट खोटे आहे, असेही सांगितले नाही. त्याच्या विषादातून त्यांनी त्याला कर्तव्यापर्यंत नेले. आजच्या बातमीजवळ विषाद भरपूर आहे, पुढचे सतरा अध्याय नाहीत. ते सांगण्याचे काम घराने, शाळेने, गावाने आणि आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी करायचे आहे.

माध्यमांतील सज्जन मंडळींनाही माझी विनंती आहे. संकटाची प्रत्येक बातमी देताना त्याखाली दोन ओळी अवश्य द्याव्यात: हा धोका नेमका कोणत्या गावांना आहे, आणि तेथील माणसाने आज काय करावे. एवढ्या दोन ओळींनी कितीतरी घरांतील भय निवळेल आणि कदाचित एखाद्या वाडीतील प्राणही वाचतील.

येता पावसाळा कसा असेल, हे मला ठाऊक नाही. तो आपल्याला घाबरलेले पाहील की सज्ज पाहील, हे मात्र आपल्या हाती आहे. महागणपती आपणा सर्वांना ती बुद्धी आणि ते बळ देवो, अशी प्रार्थना करून मी माझे विवेचन थांबवतो.

वंदे मातरम्!